चौदा मीटरची दोरी

मानवजातीच्या इतिहासाचे दोनच कालखंड पडतात. पोलाद सरळच असतं असं माणसाला वाटत होतं तो पहिला, आणि ते वाकवता येतं हे त्याला उमगलं तो दुसरा. पहिल्या कालखंडात माणसानं खोकी बांधली. दुसऱ्यात तो आभाळाशी गप्पा मारू लागला.

हे भाषण तिनं सकाळी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं. पोलाद वाकवण्याच्या कारखान्यात पहिल्यांदाच जायचं, तर तिथल्या मंडळींना कळायला नको का, की आलेली मुलगी ऐरीगैरी नाही, चांगली शिकलेली वास्तुकार आहे? म्हणून काखेत नकाशांची गुंडाळी धरून, मान ताठ ठेवून ती त्या लांबलचक शेडच्या ऐन मध्यावर येऊन उभी राहिली. घसा खाकरला. आणि—

"ओ मॅडम! जिन्यावरून खाली उतरा!"

तिनं पायांखाली पाहिलं. जमीन. चांगली सपाट, सिमेंटची. इकडेतिकडे पाहिलं. जिना औषधालाही नव्हता.

"कुठला जिना?"

"तुम्ही उभ्या आहात तो! चौथ्या पायरीवर! अहो, मागे नका सरकू… कठडा पुसला जाईल!"

तेव्हा कुठे तिला दिसलं. जमिनीवर खडूनं एक भलामोठा गोल जिना काढलेला होता, खऱ्या मापाचा, एकेका पायरीसकट. त्यातल्या पहिल्या तीन पायऱ्या तिच्या चपलांनी केव्हाच देवाघरी धाडल्या होत्या. आणि समोरून, कानामागे खडू खोचलेला, गुडघे पांढरेफटक झालेला एक तरुण दोन्ही हात पसरून तिच्या दिशेनं येत होता, जसं काही ती खरोखरच पडणार होती.

"उडी मारा," तो म्हणाला.

"कुठे?"

"इकडे. माझ्याकडे." एवढं बोलताच त्याचे कान लाल झाले. "म्हणजे… इकडची जमीन कोरी आहे, म्हणून म्हटलं."

तिनं उडी मारली. ती नीट पोचली. गुंडाळी पोचली नाही. ती सुटली, घरंगळली आणि त्याच्या पायांशी जाऊन आपण होऊन उलगडली.

तो नकाशावर वाकला. तिला वाटलं, आता हा नाव विचारेल. चारचौघांत तसंच करतात.

"त्रिज्या किती?" त्यानं विचारलं.

"चौदा मीटर," ती म्हणाली.

आणि का कोण जाणे, तिच्या छातीत एकदम ढोल वाजला.

तो होता कारखान्याच्या मालकीणबाईंचा भाचा. रीतसर इंजिनियर झालेला, पण वाकवणाऱ्या यंत्रापाशी उभा राहिला की इंजिनियरिंग विसरून फक्त "हळू… हळू… अजून हळू" एवढंच म्हणायचा. त्यामुळे कारखान्यातली माणसं त्याला हळूशेठ म्हणत. यंत्र तसं साधंच. तीन जाडजूड रूळ, त्यांच्यामधून पोलादाची तुळई पुढे-मागे फिरवायची आणि मधला रूळ किंचित-किंचित दाबत न्यायचा. दर फेरीला तुळई जराशी वाकते. एकदम दाबलं तर तिला सुरकुत्या पडतात.

"सुरकुत्या?" तिनं विचारलं.

"आतल्या बाजूला. घाई केली की सगळ्यांनाच पडतात. आमच्या आत्याला विचारा."

"काय विचारायचं मला?" केबिनमधून आवाज आला. हीच आत्या. तिचा आवाज यंत्राच्या आवाजाच्या वरून, सावकाश, न ओरडता पोचायचा.

"काही नाही, आत्या!"

"मग कान का लाल झालेत?"

आत्याच्या केबिनमधून त्याचे कान दिसणं शक्यच नव्हतं. पण ते लाल झाले नसतील, असं आत्याला कधी वाटलंच नाही.

आता या मुलीच्या डोक्यावर कसली तलवार टांगलेली होती ते सांगायला हवं. ती ज्या ऑफिसात कामाला होती, तिथल्या मोठ्या साहेबांनी उभ्या हयातीत पट्टी लावल्याशिवाय एक रेघ ओढली नव्हती. रस्त्याला वळण आलं तरी ते नाराज व्हायचे. पोहण्याच्या तलावावर छप्पर घालायचं काम आलं, तेव्हा तिनं पाण्यावर वाकलेल्या कमानी काढल्या. साहेबांनी त्या कागदाकडे, पाहुण्यांच्या पोरानं सोफ्यावर काहीतरी सांडावं आणि आपल्याला हसून बघावं लागावं, तसं पाहिलं.

"छान," ते म्हणाले. "माझ्या खणात सपाट छपराचा नकाशा तयार आहे. पहिली कमान माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही पायांवर बसली, तर तुझं छप्पर. नाही बसली, तर माझं. आणि तुला पार्किंगचं काम."

पार्किंग म्हणजे दोनशे पिवळे पट्टे. एकूण एक सरळ. ती दचकून झोपेतून उठायची, तर डोळ्यांसमोर तेच.

म्हणून तिनं अभ्यास केला. जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडली. बाबा मिठाची बाटली शोधत होते, ती एका ग्रंथाखाली निघाली. त्या ग्रंथात तिला कळलं की पोलाद वाकवून सोडलं की ते थोडं मागे सरकतं, पुन्हा सरळ व्हायला बघतं. म्हणून हवं त्यापेक्षा जरा जास्तच वाकवायचं असतं.

"हट्टी आहे की," बाबा म्हणाले.

"कोण? तो?" धाकटी बहीण.

"पोलाद!" ती म्हणाली.

"मी कोणाचं नावसुद्धा घेतलं नाही, ताई."

त्या रात्रीच्या जेवणानंतर तिनं एक काम केलं, जे तिनं करायला नको होतं. नकाशावरची चौदाची त्रिज्या खोडून साडेतेरा केली. म्हणजे कमान मुळातच जरा जास्त वाकवली जाईल, मग मागे सरकेल आणि बरोब्बर चौदावर येईल. हळूशेठच्या लक्षात येईल, तो थक्क होईल, म्हणेल, 'बाप रे, तुम्हाला हेही ठाऊक?' पुढचा संवादही तिनं आरशासमोर म्हणून पाहिला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात हळूशेठनं नकाशा पाहिला. साडेतेरावर त्याची नजर थबकली. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती इतकी उत्सुक, इतकी चमकत्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होती, की…

"छान आहे," तो म्हणाला.

सुताराला 'ही फळी की फळकूट' असं विचारणारा, इंजिनियरांना त्यांचेच आकडे परत तपासायला लावणारा, आत्याच्या चहातल्या साखरेचंही प्रमाण दुरुस्त करणारा हा माणूस! सगळ्या कारखान्यानं हातातली कामं थांबवून एकमेकांकडे पाहिलं. आजार काय आहे ते तिथल्या तिथे सगळ्यांना कळलं. रोग्याला तेवढं कळलं नाही.

कमान वाकवायची तर आधी ती खऱ्या मापात जमिनीवर काढायची, हा तिथला शिरस्ता. खडू एका टोकाला, दोरीचं दुसरं टोक मध्यबिंदूवर. पण तो मध्यबिंदू नेमका आत्याच्या केबिनच्या दारातून एक हात आत पडला. आणि केबिनला नुकतीच नवी फरशी बसवली होती.

"खिळा ठोकतो," हळूशेठ म्हणाला.

"ठोक," आत्या म्हणाली. "आधी माझ्या कपाळात ठोक, मग फरशीला."

शेवटी आत्याच एक ठेंगणं स्टूल घेऊन दारात बसली आणि दोरीचं टोक अंगठ्यानं फरशीवर दाबून धरलं. दुसऱ्या हातानं ती फोनवर कोणाला तरी वायदे पाळण्याबद्दल झापत होती. पलीकडे, दोरीच्या टोकाला, हे दोघं. तो खडू धरून मागे-मागे सरकतोय, ती दोरी ताणून धरतेय, आणि जमिनीवर एक पांढरी रेघ अशी उमटत चाललीय, की जणू ती आधीपासून तिथंच होती आणि आता फक्त वर आली.

"घट्ट धरा," तो हळूच म्हणाला.

"धरलीय."

"दोरी म्हणतोय मी."

"मग मी काय धरलंय?"

तिनं पाहिलं. दोरीच्या जोडीला त्याचं मनगटही तिच्या मुठीत होतं. तिनं ते सोडलं… जरा उशिरानं सोडलं.

"मी इथे बसलेय," चौदा… चुकलं, साडेतेरा मीटरवरून आत्या म्हणाली. "मला दोरीतनं सगळं कळतं."

कमान दोन अर्ध्या तुकड्यांत वाकवली, मध्ये बोल्टांनी जोडली. हळूशेठच्या रीतीप्रमाणे प्रत्येक फेरीनंतर तुकडा रुळांतून बाहेर काढून, मोकळा सोडून, खडूच्या रेघेवर ठेवून बघायचा. मागे जे काय सरकायचं ते सरकून झालं की मगच माप. शेवटी तुकडा त्या रेघेवर असा बसला, की खडू दिसेनासा झाला. त्या वेळी तिनं नकाशावरच्या साडेतेराकडे पहिल्यांदाच जरा संशयानं पाहिलं. पण सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हा तिनंही वाजवल्या.

साहेब संध्याकाळी येणार होते. सकाळी चाचणी. अंगणात पायथ्याच्या दोन जाड पट्ट्या तलावाच्या खऱ्या मापानं पक्क्या केल्या होत्या, सोळा मीटर अंतरावर, आणि शेजारी यारी, म्हणजे क्रेन, उभी होती. यारीनं कमान उचलली. काय दिसत होती! ती उन्हात डुलत आली तेव्हा रस्त्यानं जाणारा एक सायकलवाला वर बघता-बघता कुंपणात शिरला. डावा पाय पट्टीवर आला, खुणेवर खूण. आणि उजवा…

उजवा पाय चार बोटं अलीकडे थांबला.

 चार बोटं. तळहाताएवढी मोकळी जागा, आणि त्यातून दोनशे पिवळे पट्टे तिच्याकडे बघून हात हलवत होते.

"चूक माझी आहे," ती म्हणाली.  "चौदाच होती त्रिज्या. मी साडेतेरा केली. मला वाटलं, पोलाद मागे सरकतं… तर आधीच जरा…"

"ते आम्ही धरतोच," तो म्हणाला. "म्हणून तर मोकळं सोडून बघतो."

"आता कळलं मला ते!" मग तिला काहीतरी सुचलं आणि तिनं डोळे बारीक केले. "एक मिनिट. पहिल्या दिवशी मी तुम्हाला चौदा सांगितलं होतं."

"हो."

"नकाशात साडेतेरा होतं."

"हो…"

"तुम्हाला दिसलं होतं?"

हळूशेठनं कमानीकडे पाहिलं, यारीकडे पाहिलं, कुंपणातल्या सायकलवाल्याकडे पाहिलं. कुठूनच मदत आली नाही. "दिसलं होतं."

"आणि बोलला नाहीत? सगळ्या जगाला दुरुस्त करता आणि मला नाही?"

"तुम्ही इतक्या खूश होतात…"

"म्हणून मला पार्किंगमध्ये घालणार होतात?"

"नाही ना! म्हणून तर शेपट्या छाटल्या नाहीत!"

आता 'शेपटी' म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. रुळांना धरायला तुळईचं टोक लागतं, तेवढा भाग वाकत नाही, सरळच राहतो. काम झालं की तो कापून टाकतात. कापला की संपलं, रुळांना पुन्हा पकड मिळत नाही. तिनं वर पाहिलं. कमानीच्या दोन्ही टोकांना शेपट्या शाबूत होत्या. पायाच्या जागी नुसती खडूची खूण होती.

म्हणजे या माणसानं, तोंडानं 'छान आहे' म्हणताना, हातानं परतीची वाट मोकळी ठेवली होती. ओरडावं की काय करावं, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिनं त्याच्या कानामागचा खडू काढून घेतला.

"सैल करता येईल?"

"येईल. पण हळू…"

"हळूबिळू काही नाही! संध्याकाळी साहेब येतायत!"

साहेब दुपारीच आले. सरळ माणसं वेळेआधी येतात. ते आले तेव्हा कमानीचे मधले बोल्ट सुटलेले होते, दोन्ही तुकडे जमिनीवर पडलेले होते आणि त्यांची वास्तुकार गुडघ्यांपर्यंत पांढरी झाली होती.

"बसली नाही वाटतं," साहेब म्हणाले. वाईट माणूस नव्हता. पण खणातल्या नकाशाची आठवण चेहऱ्यावर लपली नाही.

तिनं मान खाली घातली नाही. "नाही बसली, साहेब. आकडा मी चुकवला. माझ्या अतिशहाणपणानं. पण कमान चुकीची नाही. संध्याकाळपर्यंतची वेळ तुम्हीच दिली होती."

साहेब तोंड उघडणार, एवढ्यात केबिनच्या दारातून आत्या म्हणाली, "साहेब, आलाच आहात तर इकडे या. मला गिऱ्हाईकाकडे फोन करायचाय. जरा ही दोरी धरा."

"मी?"

"दुसऱ्या कोणाचा हात स्थिर नाही इथे. सगळी पोरं आज थरथरतायत."

पन्नास वर्षं ज्याचा हात पट्टीशिवाय हलला नाही, त्याला 'तुमचा हात स्थिर' म्हटल्यावर काय होतं? साहेब कोट सावरत त्या ठेंगण्या स्टुलावर बसले आणि दोरीचं टोक अंगठ्यानं नव्या फरशीवर दाबलं.

"हलायचं नाही हं," आत्या म्हणाली. "तुम्ही मध्यबिंदू आहात."

"सगळ्याचा?"

"सगळ्याचा."

साहेब खूश दिसले. पुढे त्यांना तिथून उठता येणार नाही, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

नवी रेघ उमटली. चौदा मीटरची. मग यंत्र सुरू झालं. तुकडा उलटा घालून अलगद, अगदी अलगद, रुळांतून न्यायचा. हळूशेठ "हळू…" म्हणायचा, ती रेघेपाशी वाकून ओरडायची, "अजून दोन बोटं! अजून एक!" तेल तापल्याचा वास, रुळांची कुरकुर, शेडमधली सगळी माणसं आपापली कामं टाकून कडेला उभी. फेरी संपली की तुकडा बाहेर, दोरी ताणायची, बघायचं. साहेब मध्यबिंदूवर. "जमलं?" "नाही, साहेब, हलू नका!" आत्यानं त्यांना चहा पाजला, कप स्वतः त्यांच्या तोंडाशी धरून. मग पाणी. मग पुन्हा चहा.

शेवटच्या तुकड्याची शेवटची फेरी झाली. दोघांनी मिळून दोरी धरली आणि तुळईच्या पोटाजवळून सरकू लागले. दोरीचं टोक पोलादाला टेकलेलं… अजून टेकलेलं… अर्ध्यावर आलं तरी टेकलेलं.  टोकापर्यंत टेकलेलं!

"जमलं," ती पुटपुटली. "हळूशेठ, जमलं…"

"हं." तो पोलादाकडे बघतच नव्हता. "एक विचारू? तो आकडा मी विचारला नाही, कारण… कसं सांगू… तुम्ही सांगाल ते सगळं बरोबरच असावं, असं मला वाटत होतं. असं मला कधी कोणाबद्दल वाटलं नाही. मला स्वतःबद्दलसुद्धा वाटत नाही."

"यापुढे विचारायचं."

"काहीही?"

"काहीही."

"मग… हे छप्पर संपलं की तुम्ही इथे यायच्या थांबाल. ते मला…" तो अडखळला. यंत्र असतं तर म्हणाला असता, हळू. "ते मला चालणार नाही."

"हा प्रश्न नाही झाला," ती म्हणाली. तिला वाटलं, आपलं हृदय आता यारीलाही उचलवणार नाही. "प्रश्न विचार. नीट. पहिल्या दिवशी त्रिज्या विचारलीस तसा."

'विचारलीस'. तिच्या तोंडून ते गेलं आणि दोघांनाही ऐकू आलं. दोघांचेही हात एकदम सुटले, आणि लगेच सापडले, पण दोरीवर नव्हे.

"दोरी सैल पडली!" साहेब केबिनमधून घाबरून ओरडले. "काय झालं? बिघडलं का?"

"नाही," आत्या आपल्या कागदांवरून मान न उचलता म्हणाली. "बसत आलंय."

मग सगळंच भराभर झालं. शेपट्या कापल्या, ठिणग्यांचा असा पाऊस उडाला की कडेची माणसं हसत-ओरडत मागे पळाली. बोल्ट आवळले. यारीनं कमान उचलली, ती उतरत्या उन्हात तांबूस होऊन सावकाश खाली आली. डावा पाय. उजवा पाय. साहेब केबिनच्या दारातून मान लांब करून बघत होते. ठण्ण! आणि बोल्ट भोकात असा शिरला, जणू घरीच परतला.

अंगणात जो आरडाओरडा झाला, त्यात हळूशेठनं तिला काहीतरी विचारलं. ते फक्त तिलाच ऐकू आलं. तिनं दोन्ही हात, खडूसकट, त्याच्या खांद्यांवर ठेवले आणि त्याच्या शर्टवर दहा पांढरी बोटं उमटवत म्हणाली, "हो. पण एका अटीवर. मी चुकले की त्याच क्षणी सांगायचं."

"आत्ता चुकतेयस," तो म्हणाला. "सगळे बघतायत."

"बघू देत!"

वर कमान होती, मागे सूर्य होता, आत्यानं चष्मा काढून पुसायला घेतला होता. माणसं टाळ्या वाजवत होती. कुंपणातला सायकलवाला, ज्याचा या कशाशीच संबंध नव्हता, तोही वाजवत होता. मानवजातीच्या इतिहासाचा तिसरा कालखंड सुरू व्हायला आता कसलीच अडचण उरली नव्हती.

तेवढ्यात केबिनच्या दारातून, ठेंगण्या स्टुलावरून, अंगठा अजून फरशीवर तसाच दाबून धरलेला मध्यबिंदू नम्रपणे म्हणाला,

"तुमचं झालं असेल तर… मी ही दोरी सोडू का? चहा फार झालाय. मला जरा जाऊन यायचंय."